चाळीस मायक्रॉन

कॉलिनची आणि माझी पहिली भेट एका लाल बटणावर झाली.

भाईंदर पूर्वेला, औद्योगिक गाळ्यांच्या तिसऱ्या ओळीत दाजींचं, म्हणजे आमच्या मालकांचं, वर्कशॉप आहे. तिथे मी ऑफिसात फोन घ्यायच्या नोकरीसाठी आले होते. दाजी बाहेर गेलेले, म्हणून मी आत मशीनपाशी जाऊन उभी राहिले. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या मुलीला मशीन दिसलं की तिचे पाय तिकडेच वळतात, त्याला इलाज नाही. काचेतून बघते तर कापणारं टूल सरळ खाली येतंय… आणि त्याच्या वाटेत जॉब, म्हणजे कापायचा तुकडा नाहीच, तो पकडणारा लोखंडी क्लॅम्प! हाक तरी कोणाला मारणार? मी लाल बटणावर हात मारला. त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात आला आणि माझ्या हातावर आपटला. टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटने ओला, गार, आणि चांगलाच जड.

मशीन थांबलं. टूल क्लॅम्पच्या वर दोन बोटांवर अडकून राहिलं.

"प्रोग्राम चुकलाय," त्या हाताचा मालक म्हणाला.

"क्लॅम्प चुकीच्या जागी लावलाय," मी म्हटलं. "सेटिंग चुकलंय."

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. सावळा चेहरा, कपाळावर घाम, आणि भुवया अशा उंचावलेल्या की जणू मीच क्लॅम्प लावला होता. "तुम्ही कोण?"

"मी फोन घ्यायला आलेय."

"मग फोन घ्या ना!"

"आधी तुमचा हात घ्या."

त्याचा हात अजून माझ्या हातावरच होता. तो त्याने असा काही ओढून घेतला की मागच्या ट्रॉलीवर कोपर आपटलं. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

ही दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दीड वर्षात आमचं दुसरं बोलणं असं फारसं झालंच नाही. मी म्हणायचं "सेटिंग," त्याने म्हणायचं "प्रोग्राम." महिन्याभरात मी त्याला अरे-तुरे करायला लागले, कारण "तुम्ही" म्हणून नीट भांडता येत नाही. तो मात्र "मॅडम" म्हणतच राहिला. ते मॅडम म्हणणं मानाचं नव्हतं, चिडवण्याचं होतं.

तशी मी मॅडम झाले ती या जूनमध्ये. जुना प्रोग्रामर दुसरीकडे गेला तेव्हा मी दाजींच्या मागेच लागले. टूलने कुठून आत जायचं, कुठे वळायचं, किती कापायचं हे सगळं कॉम्प्युटरवर आखायचं काम मी दुपारच्या सुट्टीत बसून स्वतः शिकले होते. दाजी महाडचे, हाताने लेथ चालवून मोठे झालेले. त्यांनी बराच वेळ कान खाजवला आणि म्हणाले, "बस त्या खुर्चीत. पण पोरी, प्रोग्रामने जॉब बिघडला तर परत फोनवर."

एवढंच. ती खुर्ची एका बाजूला झुकते, तिचं एक चाक गायब आहे, पण ती माझी आहे. पेणकरपाड्याच्या आमच्या घरी आई शेजारणींना सांगते, "आमची मिनल मशीनला शिकवते." ती मोडक्या चाकाची खुर्ची गेली असती तर आईला काय सांगितलं असतं, याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

आणि ऑक्टोबरात ती जायची वेळ आली.

सोमवारी दाजींनी दहा कास्टिंग टेबलावर मांडली. पंपाची ॲल्युमिनियमची ओतीव हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं. नवी पार्टी होती. दहातली सहा बरोबर करून द्यायची, शनिवारी त्यांचा माणूस येऊन मोजणार, मग पुढचं काम आपल्याला. प्रत्येक हाउसिंगमध्ये बेअरिंग बसायचं एक भोक, सत्तेचाळीस मिलिमीटरचं. त्यावर पंचवीस मायक्रॉनपर्यंत मोठं चालेल, सव्वीस नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आम्हाला अर्ध्या केसाचीसुद्धा सूट नव्हती.

पहिला जॉब निघाला. मंदाताईंनी भोकात गेज घातलं. त्या आमच्या इन्स्पेक्शनला असतात. पास की रिजेक्ट हे त्या अशा आवाजात सांगतात की ज्याच्या त्याच्या नशिबाचं त्यांना काही देणंघेणं नाही.

"चाळीस वर. रिजेक्ट."

"होतंय," कॉलिन म्हणाला. त्याचं हे "होतंय" सगळ्याला चालतं. मशीन बिघडो, पंखा पडो, होतंय. "मॅडम, जरा कमी कापायला सांगा."

मी आकडा बदलला. दुसरा जॉब.

"पस्तीस वर. रिजेक्ट."

"कसं शक्य आहे? मी चाळीस कमी केलेत!"

"मॅडम, प्रोग्राम मस्तच आहे तुमचा," कॉलिन कास्टिंग उचलत म्हणाला. "फक्त भोक त्याचं ऐकत नाहीये."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेज फेकून मारलं असतं आणि गेज महाग आहे.

मंगळवारी मी टूलची वाट बदलली. आधी ते सरळ जाऊन भिडायचं, आता गोल वळण घेऊन हलकेच आत शिरायला लावलं. जरा मुद्दाम लहानच भोक पाडलं आणि मग शेवटचा एक बारीक हात फिरवला. कागदावर ते अगदी मधोमध यायला हवं होतं. आलं अठ्ठावीस वर. कापलेलं ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही. सात उरली.

"स्पिंडल बघितलास?" मी कॉलिनला विचारलं. स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा.

"बघितला. पाचच्या आत फिरतोय."

"टूल?"

"मॅडम, टूलचं मला विचारता?" त्याने खिशातली चिंधी काढून दाखवली. जुन्या बनियनची, धुऊन धुऊन मऊ झालेली. बारा वर्षं तो सेटर आहे, मशीनवर जॉब आणि टूलं बसवणारा, आणि रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी चोवीसच्या चोवीस टूलं त्या चिंधीने पुसतो. तेही घाईने नाही, अगदी लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. इतकी काळजी तो माणसांची घेतो का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

घेतो, हे मला बुधवारी कळलं.

बुधवारी मी टूलचा वेग कमी केला. एकतीस वर. रिजेक्ट. आता नेमकी सहाच उरली, म्हणजे यापुढे एकही चुकायला नको होतं. दाजी नुसतं माझ्या खुर्चीकडे बघून गेले, आणि मग ऑफिसातून त्यांचा आवाज आला, "हां, वसईचा तो प्रोग्रामर… शनिवारनंतर बोलू त्याच्याशी." मी उठून कंप्रेसरच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथे एवढा आवाज असतो की कोणी रडलं तरी कळत नाही.

कॉलिनला कळलं. तो कागदाची पुडी घेऊन आला.

"काय आहे हे?"

"सुक्या बोंबलाची चटणी. आईने केलीय. चपातीबरोबर खा."

"मी काय भुकेने रडतेय?"

"मला काय माहीत? मी भुकेने रडतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मॅडम… खुर्ची न्हाय जाणार. मी हाय ना."

तो उत्तनचा, किनाऱ्यावरच्या गावातला. गाळ्यात तो आमच्यासारखं सगळ्या भाषा मिसळून बोलतो, पण मनापासून काही बोलायचं झालं की त्याचं गाव तोंडात येतं. हाय, न्हाय. मला ते फार आवडतं. त्या वेळी आवडलं म्हणून अजूनच राग आला.

"तू आहेस म्हणूनच जाणार आहे!" मी म्हटलं आणि पुडी मात्र ठेवून घेतली. चटणी तिखटजाळ होती. मी सगळी संपवली. परत आले तर मोठा पंखा त्याच्या मशीनकडून वळून माझ्या खुर्चीकडे झालेला, आणि तो तिकडे घामाघूम होऊन चर्चमधल्या कुठल्याशा गाण्याची शीळ घालत उभा.

गुरुवारी मी एकही जॉब चालवू दिला नाही. प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. दोनदा. चूक नव्हती. मग दुपारी सगळ्यांसमोर मी नको ते बोलले.

"प्रोग्राम बरोबर आहे. हाच प्रोग्राम, हेच मशीन, आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. म्हणजे काय? म्हणजे तुझ्या हातात गडबड आहे, कॉलिन. तुझ्या सेटिंगपायी माझी खुर्ची चाललीय, आणि तू शीळ घालतोयस!"

नेहमी तो लगेच "प्रोग्राम" म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला, काहीतरी आठवल्यासारखं त्याने मशीनकडे पाहिलं, चिंधी खिशात घातली आणि हात धुवायला निघून गेला. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाला, "उद्या आईचे डोळे दाखवायला नेतोय. साडेअकराला येतो. तोवर चालवू नका काही, प्लीज."

मी बॅग उचलून सरळ बसस्टॉप गाठला. बसमध्ये बसल्यावर वाटलं, निदान बरं तरी म्हणायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी मी ॲप्रन चढवला आणि स्वतः मशीनपाशी गेले. चालवायचं नव्हतं, तपासायला कोण अडवणार होतं? शेवटचा बारीक हात फिरवतं ते सात नंबरचं टूल. मी त्याला डायल लावलं. डायल म्हणजे घड्याळासारखं असतं, टूल हाताने फिरवलं की ते किती वाकडं फिरतंय ते काटा दाखवतो. सहा नंबर आधी फिरवून पाहिलं. काटा पाचपर्यंत हलला. ठीक. मग सात नंबर फिरवलं.

काटा चाळीसवर गेला.

मी पुन्हा फिरवलं. चाळीस. टूल सरळ फिरतच नव्हतं, डुलत होतं. ते डुलत होतं म्हणून भोक मोठं होत होतं. मी बिचारी कॉम्प्युटरवर रात्रंदिवस वाटा आखतेय आणि हे इथे डुलतंय! मला एवढा आनंद झाला आणि एवढी चीड आली की काय सांगू. सेटिंग! सेटिंगच होतं! मी बटण दाबून टूल बाहेर काढलं.

टूलचा वरचा भाग निमुळता असतो, चकचकीत. तोच मशीनच्या आत घट्ट बसतो. त्याला टेपर म्हणतात. त्यावर धुळीचा कण राहिला तरी टूल वाकडं बसतं, म्हणून तर कॉलिनची ती चिंधी.

त्या चकचकीत टेपरवर एक लाल डाग होता. सुकलेला, कडक, खाली पिवळी कड. एका बाजूने खपली निघालेली. प्रत्येक वेळी टूल आत जाऊन दाबलं जायचं, तशी ती थोडी थोडी सरकत होती, म्हणून रोज वेगळा आकडा. मी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. डागात बारीक बारीक रेघा होत्या. बोटाचा ठसा.

माझ्या बोटाचा.

खंडेनवमीला दाजी मशीनमधली सगळी टूलं काढून लाल कापडावर मांडतात आणि पूजा करतात. दरवर्षी स्वतः करतात. या वर्षी म्हणाले, "आता मिनल प्रोग्राम करते, तिच्याच हातून होऊ दे." मी साडी नेसून आले होते. झेंडूच्या माळा कॉलिननेच आणल्या, त्या दरवर्षी तोच आणतो. तो एकेक टूल पुसून माझ्यापुढे धरत होता आणि मी ओली हळद आणि कुंकू लावत होते. जो भाग सगळ्यांत चकचकीत दिसला तिथे. मला तेच योग्य वाटलं.

"मॅडम, सगळ्यांना सारखं काय लावताय? सात नंबरला जास्त पाहिजे."

"का? लाडकं आहे तुझं?"

"हाय ना! शेवटचा हात त्याचाच. बाकीची नुसती खरवडतात."

मग मी सात नंबरला हळदीवर चांगलं दाबून कुंकू लावलं. बोट लालभडक झालं. पुसायला त्याची चिंधी मागितली, तर त्याने ती पाठीमागे लपवली.

"राहू दे ना… छान दिसतंय."

"काय छान दिसतंय?"

"टूल," तो म्हणाला. त्याचं टूलकडे लक्षच नव्हतं.

हे सगळं मला शुक्रवारी मशीनसमोर उभ्या उभ्या आठवलं. चार कास्टिंग कॉलिनने नाही, मी घालवली होती. आठवडाभर मी ज्याच्यावर खापर फोडत होते त्याच्या समोर मीच, स्वतःच्या हाताने, साडी नेसून! मी घाईघाईने बाकीची टूलं बघितली. एक, दोन, तीन… चोवीसपर्यंत. सगळी लख्ख. कुठे कुंकवाचा कणसुद्धा नाही.

मग हे एकच कसं राहिलं?

साडेअकराला कॉलिन आला. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, श्वास लागलेला. माझ्या हातात टूल पाहून तो दारातच थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कुंकू."

"ते मलाही दिसतंय. बाकीची तेवीस पुसलीस ना?"

"पुसली."

"मग हे?"

"मॅडम…"

"मॅडम नको करूस! चार कास्टिंग गेली, कॉलिन. आठवडा गेला. मी तीन वेळा प्रोग्राम बदलला. कंप्रेसरच्या मागे जाऊन रडले. बारा वर्षं टूलं पुसणारा माणूस तू, धुळीचा कण सोडत नाहीस, आणि हे एवढं मोठं… हे का नाही पुसलंस?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. पट्टा लावला, काढला, लावला.

"न्हाय पुसवलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे… न्हाय पुसवलं. दसरा झाल्यावर सगळी पुसायला घेतली. सहा पुसलं, आठ पुसलं. सात हातात घेतलं, चिंधी लावली… तुझ्या बोटाचा ठसा होता गं त्यावर. म्हटलं, एवढ्याशा कुंकवाने काय होतंय. राहू दे. रोज सकाळी बघायचो. त्याच्या आजूबाजूने पुसायचो." त्याने मान वर केली. "काल तू माझ्या हाताला बोललीस ना, तेव्हा डोक्यात आलं. आज येऊन डायल लावणारच होतो. आईची शपथ."

मला ओरडायचं होतं. खरंच होतं. सेटर माणसाने टेपरवर कुंकू ठेवावं? रोज सकाळी बघायला? पण मी तो ठसाच पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"दीड वर्ष," मी शेवटी म्हटलं. "दीड वर्ष मी इथे समोर बसतेय. तुला हे तोंडाने सांगता येत नव्हतं? टूलवर कशाला ठेवायचं?"

"तू भांडायची कधी थांबलीस की सांगणार!"

"तू सेटिंग नीट केलं असतंस तर थांबले असते!"

"बघ! बघ आता!" त्याने हेल्मेट ट्रॉलीवर आपटलं. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मिनल… तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासनं. तुझा हात होता ना बटणावर… मी आपटला तो मुद्दाम न्हाय, पण काढला उशिरा तो मुद्दाम."

पहिल्यांदाच त्याने मॅडम न म्हणता माझं नाव घेतलं होतं.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "आणि मला त्याचा प्रचंड त्रास होतो. हे तुला माहीत असू दे."

तो हसायला लागला. मी नाही हसले. निदान लगेच नाही.

"आता पूस हे," मी टूल पुढे केलं.

त्याने चिंधी काढली. टेपरपर्यंत नेली. आणि पुन्हा थांबला. खरंच थांबला हो! उद्या पार्टीचा माणूस येतोय, सहा कास्टिंग उरलीत, आणि हा चिंधी हातात धरून उभा.

"वही दे तुझी," मी म्हटलं.

कॉलिनची एक वही आहे, तेलाने काळी पडलेली, तीत प्रत्येक टूलची लांबी लिहिलेली असते. मी सात नंबरचं पान उघडलं. कूलंटचे दोन थेंब त्या डागावर सोडले, अंगठ्याने चोळलं. कुंकू सुटलं, अंगठा लाल झाला. तो अंगठा मी पानावर दाबला, लांबीच्या आकड्याच्या अगदी शेजारी.

"घे. इथे ठेव. इथे कितीही जाड लागलं तरी माझं भोक बिघडणार नाही."

मग चिंधी मीच घेतली आणि टेपर लख्ख पुसला. त्याने टूल चढवलं, मी डायल लावलं. काटा चारवर थांबला. मी सोमवारचा पहिला प्रोग्राम परत घातला, एकही आकडा न बदललेला.

"बारा वर. पास," मंदाताई म्हणाल्या. आणि मग पुढचे पाच जॉब, एकामागून एक, बारा, अकरा, तेरा, बारा, बारा. पास, पास, पास. त्यांच्या आवाजात तेव्हाही काही फरक पडला नाही, पण शेवटच्या जॉबला त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्या अंगठ्याकडे आणि मग कॉलिनकडे पाहिलं.

शनिवारी पार्टीचा माणूस आला, सहाही मोजली, मान डोलावली आणि सही करून गेला. दाजींनी आम्हाला दोघांना बोलावलं. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती, तीन चाकांवर झुकलेली.

"चार कास्टिंग गेली. का गेली?"

रात्रभर मी ठरवत होते काय सांगायचं. खरं सांगितलं तर चूक माझी, आणि जॉब बिघडला तर परत फोनवर, हे दाजींचेच शब्द. टेपर पुसला नव्हता एवढंच सांगितलं तर मी सुटत होते आणि कॉलिन अडकत होता. बारा वर्षांच्या सेटरला याहून मोठी शरम नाही.

"चूक माझी," मी म्हटलं. "पूजेचं कुंकू मी सात नंबरच्या टेपरवर लावलं."

"न्हाय, दाजी, माझी," कॉलिन मध्येच बोलला. "पुसायचं काम माझं. मी न्हाय पुसलं."

"मी लावलंच नसतं तर त्याला पुसावं लागलं नसतं."

"मी पुसलं असतं तर लावलेलं कळलं पण नसतं!"

"तू गप्प बस ना, मी सांगतेय ना माझी!"

दाजी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. दीड वर्ष त्यांनी "तुझी, तुझी" ऐकलं होतं. "माझी, माझी" त्यांना नवीन होतं.

"कुंकू टेपरला नाही, त्याच्या खाली टूलच्या मानेला लावायचं असतं," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं मी मानेलाच लावतो. तुला सांगायचं राहिलं, ती माझी चूक." त्यांनी कान खाजवला. "सापडलं कोणाला?"

"हिला," कॉलिन म्हणाला. "डायल हिने लावलं."

"मग बस तुझ्या खुर्चीत. वसईवाल्याला नको म्हणून कळवतो. आणि रे, सात नंबरची लांबी बघू, वही आण."

कॉलिनचा हात वहीवर गेला आणि तिथेच राहिला. दाजींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, सात नंबरचं पान उघडलं आणि बघतच राहिले. आकड्याशेजारी लाल अंगठा, रेघ न् रेघ दिसत होती.

"हे काय आहे?"

मी जमिनीकडे बघितलं. कॉलिनचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले. मागून गेज पुसता पुसता मंदाताईंचा तोच कोरडा आवाज आला.

"राहू द्या ते, दाजी. ते पास आहे."